जुना जपानी टीएलआर कॅमेरा: निवड, तपासणी आणि पहिला रोल

वरचे झाकण उघडून आत डोकावून पाहायचा, पोटाशी धरायचा आणि समोर दोन भिंगे एकावर एक बसवलेली असा चौकोनी कॅमेरा आपल्याकडच्या पुष्कळ कुटुंबांनी पाहिलेला आहे, निदान त्याच्यासमोर ताठ उभे राहून फोटो तरी काढून घेतलेला आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत गावोगावच्या स्टुडिओवाल्यांच्या गळ्यात लग्नसराईत असाच एखादा कॅमेरा असे, आणि तो पुष्कळदा याशिका असे. ट्विन लेन्स रिफ्लेक्स, म्हणजे टीएलआर, या जातीचे ते कॅमेरे आज माळ्यावरून, बंद पडलेल्या स्टुडिओंमधून आणि जुन्या बाजारातून पुन्हा हौशी लोकांच्या हातात येऊ लागले आहेत. मात्र हा कॅमेरा घेताना कुठे पैसे घालावेत आणि कुठे घालू नयेत, याचा अंदाज नसल्यामुळे पुष्कळांची पहिली खरेदी फसते. माझीही फसली होती.

माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. ज्याला पहिल्यांदाच टीएलआर घ्यायचा आहे त्याने चार काचांच्या भिंगाचा, प्रकाश मोजणारे मीटर नसलेला, नॉब फिरवून रोल पुढे न्यायचा साधा जपानी कॅमेरा घ्यावा, आणि नावाजलेल्या मॉडेलवर जे जास्तीचे पैसे गेले असते ते सर्व्हिसिंगसाठी बाजूला ठेवावेत. पन्नास-साठ वर्षांच्या यंत्राला तेलपाणी लागतेच, आणि तो खर्च किमतीत न धरणाऱ्याला स्वस्तातला कॅमेरा सर्वांत महाग पडतो.

हे यंत्र चालते कसे

वरचे भिंग फक्त पाहण्यासाठी असते. त्याच्यामागे पंचेचाळीस अंशांत बसवलेला आरसा प्रतिमा वर फेकतो आणि ती दुधी काचेवर उमटते. खालचे भिंग प्रत्यक्ष फोटो काढते आणि शटर, म्हणजे प्रकाश आत सोडणारी झडप, त्याच खालच्या भिंगाच्या पोटात असते. आरसा जागचा हलत नसल्यामुळे बटण दाबताना धक्का बसत नाही, आवाज जेमतेम टिचकीएवढा होतो आणि फोटो निघतानाही पडद्यावरची प्रतिमा दिसत राहते. फिल्मवर ५६ मिलिमीटर बाजूचा चौरस उमटतो. ३५ मिलिमीटर फिल्मच्या २४ बाय ३६ च्या चौकटीशी तुलना केली तर हे क्षेत्रफळ साडेतीन पटींहून अधिक भरते, त्यामुळे साध्या भिंगाची निगेटिव्हसुद्धा मोठ्या प्रिंटला टिकते. या कॅमेऱ्यांना लागणाऱ्या १२० नावाच्या रुंद फिल्मच्या एका रोलवर असे बाराच फोटो निघतात, ही गोष्ट खिशाला जाणवते हे खरे, पण त्यामुळे हात आपोआप सावध होतो हेही खरे.

या जातीचा मूळपुरुष जर्मनीतला. ब्राउनश्वाइग इथल्या फ्रांके उंड हायडेके कंपनीने १९२९ मध्ये रोलायफ्लेक्स आणला आणि पुढची तीन दशके जगभरचे कारखाने त्याच्या वळणावर चालले. जपानमध्ये युद्धानंतर, विशेषतः पन्नाशीच्या दशकाच्या पूर्वार्धात, या कॅमेऱ्यांचे अक्षरशः पेव फुटले. भिंग बदलायची सोय नको, फिल्मसमोरून सरकणाऱ्या पडद्याचे गुंतागुंतीचे शटर नको. शटर कोपाल, सिटिझन किंवा सेइकोशा यांच्याकडून आणायचे, भिंगे बाहेरून घ्यायची आणि पत्र्याच्या किंवा ओतीव धातूच्या पेटीत जोडणी करायची, एवढ्यावर काम भागे. त्यामुळे लहानसहान जोडणीकारही या धंद्यात उतरले. साडेचार चटयांच्या खोलीतले कारखानदार असे त्यांना तिकडे गमतीने म्हणत. आजच्या खरेदीदाराच्या दृष्टीने याचा अर्थ असा की अनोळखी नावाचे शेकडो कॅमेरे बाजारात फिरतात, त्यांतले काही चांगलेही असतात, पण त्यांचे सुटे भाग मिळत नाहीत. पहिला कॅमेरा घेताना ज्या नावांचे मोडके कॅमेरेही सुट्या भागांसाठी सहज मिळतात त्यांच्यातच राहावे.

नावांचा गोंधळ आणि त्यातली निवड

याशिकाने टीएलआर इतके प्रकारचे काढले की नुसते ‘याशिका आहे’ या शब्दांना काही अर्थ नाही. लक्षात ठेवायची पहिली गोष्ट भिंगाभोवतीच्या कड्यावर कोरलेली असते. तिथे ‘याशिकोर’ असेल तर भिंग तीन काचांचे आहे. ‘याशिनॉन’ असेल तर चार काचांचे, झाइस या जर्मन कंपनीच्या टेसार रचनेवर बेतलेले आहे. तीन काचांचे भिंग वाईट नसते. एफ/८ किंवा एफ/११ वर, म्हणजे भिंगाचे छिद्र (अ‍ॅपर्चर) बारीक ठेवून, ते मध्यभागी चांगले रेखीव काम करते; पण एफ/३.५ ला पूर्ण उघडे ठेवले की कडा मऊ पडतात. व्यक्तिचित्रांसाठी काहींना तो मऊपणा मुद्दाम हवा असतो.

याशिका-ए हा सर्वांत साधा. त्याचे शटर १/३०० सेकंदापर्यंतच जाते आणि पाठीवरच्या लाल खिडकीतून फिल्मच्या पाठीमागच्या कागदावरचे आकडे बघत रोल फिरवावा लागतो. त्याच्या पुढचा, १९५८ मध्ये आलेला याशिका-डी हा मला या सगळ्यांत शहाणा सौदा वाटतो. त्यात शटर एक सेकंदापासून १/५०० पर्यंत चालते, रोल पुढच्या चौकटीवर आपोआप थांबतो, आणि नंतरच्या काळातल्या डी मॉडेलवर याशिनॉन भिंग आहे. म्हणजे जवळपास तशीच चार काचांची रचना, जिच्यासाठी लोक मॅट-१२४जीला पुष्कळ जास्त मोजतात. विक्रेत्याला हा फरक ठाऊक नसण्याचा संभव बराच असतो, म्हणून जाहिरातीतल्या फोटोत कड्यावरची अक्षरे मोठी करून वाचावीत. याशिका-६३५ हा डीचाच भाऊ. सहा बाय सहा आणि पस्तीस, असे त्याचे नाव फुटते, कारण वेगळे जोडसाहित्य बसवून त्यात ३५ मिलिमीटर फिल्मही चालत असे. ते जोडसाहित्य आज बहुधा हरवलेलेच असते आणि त्यावाचून काही अडत नाही.

मॅट मालिकेत नॉबऐवजी क्रँक, म्हणजे बाजूची फिरवायची दांडी, येतो; तो फिरवला की रोलही सरकतो आणि शटरही कॉक होते, म्हणजे स्प्रिंग ताणून तयार होते. १९७० मध्ये आलेला मॅट-१२४जी ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत बनत राहिला, त्यामुळे तो वयाने सर्वांत तरुण सापडतो. नावातला ‘जी’ मीटरच्या जोडणीतल्या सोन्याच्या मुलाम्याचा आहे. पण त्याचे मीटर १.३ व्होल्टच्या पारायुक्त सेलवर चालत असे आणि ते सेल आता मिळत नाहीत. साधा १.५ व्होल्टचा सेल घातला तर काटा चुकीचे सांगतो. श्रवणयंत्राचा झिंक-एअर सेल वापरून काम भागवणारे आहेत. मी मात्र त्या मीटरसाठी एक रुपयाही जास्त देऊ नये असे सांगेन, कारण मोबाइलमधले मीटर त्याच्यापेक्षा भरवशाचे आहे. या मालिकेतल्या आकड्यांनी फसगत होऊ देऊ नये: याशिका-१२ हा १२० रोलसाठी, याशिका-२४ हा फक्त २२०, म्हणजे दुप्पट लांबीच्या, रोलसाठी आणि १२४ हा दोन्हींसाठी. २२० रोल आता सहजी मिळत नसल्यामुळे याशिका-२४ कितीही चकचकीत असला तरी सोडून द्यावा. तसाच छोटा, गोंडस याशिका-४४. तो १२७ आकाराची फिल्म खातो आणि ती शोधण्यातच हौस विरून जाते.

निव्वळ भिंगाच्या बळावर निवडायचे झाले तर मी मिनोल्टा ऑटोकॉर्ड निवडेन. चियोदा कोगाकूने १९५५ मध्ये आणलेल्या या कॅमेऱ्यात ७५ मिलिमीटरचे, चार काचांचे रोकोर भिंग आहे. आणखी एक बारकावा असा की त्यात रोल वरून खाली जातो. याशिकात आणि रोलायफ्लेक्समध्ये फिल्म खालच्या रिळावरून रुळावर वळून मग भिंगासमोर येते. कॅमेरा दोन दिवस तसाच पडून राहिला तर त्या वळणाचा बाक पुढच्या फोटोत येण्याची शक्यता असते. ऑटोकॉर्डमध्ये फिल्म आधी भिंगासमोर सपाट येते आणि नंतर वळते. याचा दुखरा भाग मात्र ठरलेला आहे: भिंगाखाली डावी-उजवीकडे सरकणारी फोकसची दांडी. आतले जुने ग्रीस गोठले की ती जड होते, आणि जोर लावला की मोडते. दांडी बोटाच्या हलक्या दाबाने सरकत नसेल तर तो कॅमेरा सर्व्हिसिंगच्या खर्चासहच मोजावा, आणि तिला दुकानात हिसका देऊन बघू नये.

रिकोफ्लेक्स सर्वांत स्वस्त मिळतो. त्याच्या दोन्ही भिंगांच्या कड्यांना दाते असून ती एकमेकांना फिरवतात. गंमत म्हणून छान, रोजच्या कामाला तोकडा. रिकोचाच डायकॉर्ड मात्र दुर्लक्षित आणि चांगला आहे. मामिया सी२२० आणि सी३३० ही वेगळीच जात. त्यांची भिंगे बदलता येतात, ५५ पासून २५० मिलिमीटरपर्यंत, आणि भिंग पुढे नेणाऱ्या घडीच्या भात्यामुळे वस्तूच्या अगदी जवळ जाता येते. ज्याला स्टुडिओत किंवा तिकाटण्यावर काम करायचे आहे त्याने जरूर पाहावा, पण गळ्यात अडकवून दिवसभर गड चढायचा असेल तर खांदा साथ देणार नाही. मामिया घेताना अंधाऱ्या खोलीत भात्याच्या आतून टॉर्च लावून कोपऱ्यांतली सुईएवढी भोके तपासावीत.

दुकानात उभे राहून काय तपासावे

मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजाराच्या आसपास आणि पुण्याच्या जुन्या बाजारात असे कॅमेरे दिसतात. कुणाच्या घरातून थेट मिळाला तर त्याहून बरे. माझा पहिला कॅमेरा एका फिरत्या विक्रेत्याकडून घेतला. त्याने मला चार वेळा शटर दाबून दाखवले आणि चारही वेळा ते खणखणीत वाजले. घरी आल्यावर लक्षात आले की चारही वेळा त्याने शटरच्या वेगाचा काटा १/१२५ वरच ठेवला होता. अर्ध्या सेकंदावर ठेवून दाबले तेव्हा शटरच्या पाकळ्या उघडल्या आणि उघड्याच राहिल्या. त्यावर कडी म्हणजे मी स्वतः सेल्फ-टाइमरची कळ ओढली आणि ती मध्येच अडकून पूर्ण शटर बंद पडले. जुन्या शटरच्या सेल्फ-टाइमरला हात लावू नये, हा धडा मला एका सर्व्हिसिंगच्या बिलासह मिळाला.

तेव्हा तपासणी संथ वेगांपासून सुरू करावी. काटा एक सेकंदावर न्यावा, शटर कॉक करावे, कॅमेरा कानाशी धरून बटण दाबावे. आतून एकसारखी, न अडखळणारी घरघर येऊन शेवटी स्वच्छ टिक् असा आवाज आला पाहिजे. घरघर मध्येच दमली, थांबली किंवा पुन्हा सुरू झाली तर आतल्या दात्यांवरचे तेल सुकून चिकट झाले आहे असे समजावे. हा दोष दुरुस्त होतो, पण तो भाव कमी करायला पुरेसा आहे. मग अर्धा, पाव, १/८ असे प्रत्येक वेगावर जावे. नॉबच्या मॉडेलांवर १/५०० लावायचे असेल तर ते शटर कॉक करण्यापूर्वी लावावे. नंतर तिकडे काटा रेटल्यास स्प्रिंगवर अकारण ताण येतो.

यानंतर पाठ उघडून शटर ‘बी’ वर, म्हणजे बटण दाबून धरले असेपर्यंत उघडे राहण्याच्या खुणेवर, उघडे धरावे, अ‍ॅपर्चर पूर्ण मोकळे करावे आणि मोबाइलचा टॉर्च समोरून तिरका लावून मागून भिंगात पाहावे. सरळ प्रकाशात निम्मे दोष दिसत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक फांद्या दिसल्या तर ती बुरशी. सगळीकडे धुक्यासारखा पांढुरका थर असेल तर तो वाफाळलेल्या तेलाचा किंवा ओलाव्याचा. आणि कडेला साबणाच्या फुग्यासारखे रंगीत वर्तुळ दिसले तर चिकटवलेल्या काचा सुटू लागल्या आहेत. पातळ धुके साफ होते. बुरशी काचेवरच्या लेपात उतरली असेल तर ती पुसली तरी खूण राहते. एकदोन धुळीच्या कणांचे मात्र मनाला लावून घेऊ नये, फोटोत ते उतरत नाहीत. हा विचार वरच्या भिंगाला लागू करताना थोडे धोरण ठेवावे: वरच्या भिंगातल्या बुरशीचा निगेटिव्हवर काहीच परिणाम होत नाही, पण दुकानात ती सर्वांत आधी नजरेला पडते. खालचे भिंग निर्मळ आणि वरचे डागाळलेले असा कॅमेरा समजून घेणाऱ्याला स्वस्तात पडतो.

दुधी काच अंधूक दिसली की लोक आरशाला विसरून काचेलाच दोष देतात. हा आरसा घरातल्या आरशासारखा नसतो. त्याचा चांदीचा मुलामा पुढच्या बाजूला असतो, आणि रुमालाने पुसला की मुलामाच निघून येतो. त्यावर फक्त हवेचा फुगा मारावा. मुलामा गेलेलाच असेल तर त्याच मापाचा पुढून मुलामा दिलेला आरसा कापून बसवता येतो आणि पडद्याचा उजेड लख्ख बदलतो.

आता सर्वांत महत्त्वाची आणि सहसा कुणीच न करणारी तपासणी. दोन्ही भिंगे एकाच अंतरावर जुळतात की नाही, हे पाहण्यासाठी पाठ उघडी ठेवून, फिल्म ज्या दोन पट्ट्यांवर टेकते त्यांच्यावर ट्रेसिंग पेपरचा तुकडा ताणून चिकटवावा. कॅमेरा टेबलावर स्थिर ठेवून शटर ‘बी’ वर उघडे धरावे, अ‍ॅपर्चर एफ/३.५ ठेवावे आणि वरच्या पडद्यावर, झाकणातले प्रतिमा मोठी दाखवणारे छोटे भिंग उभे करून, एखाद्या दूरच्या खिडकीच्या गजांवर फोकस साधावा. तेच गज मागच्या कागदावर उलटे पण तितकेच रेखीव दिसले पाहिजेत. मग तीन-चार फुटांवर वर्तमानपत्र टांगून तेच करावे. वर रेखीव आणि मागे भुरकट दिसत असेल, तर कुणीतरी हे भिंग खोलून नीट बसवलेले नाही. कागद फिल्मच्या पट्ट्यांवर नीट टेकलेला असला पाहिजे. तो बाहेरच्या कडेवर बसला तर चाचणीच खोटी ठरते.

राहिलेल्या गोष्टी चटकन उरकतात. पाठीच्या खाचेतला फोम काळ्या डांबरासारखा चिकट झाला असेल तर तो स्वस्तात बदलता येतो. कॅमेऱ्यात एक रिकामे रीळ असले पाहिजे, नाहीतर पहिल्या दिवशीच अडते. मॅट-१२४ किंवा १२४जी असेल तर फिल्म दाबणारी मागची पट्टी १२ च्या खुणेवर असल्याची खात्री करावी. समोरचे फलक आणि भिंग एका बाजूला कललेले दिसले तर कॅमेरा पडलेला आहे, आणि तिथे घासाघीस न करता निघावे.

जपानमधल्या विक्रेत्यांकडून मागवायचे असेल तर त्यांच्या भाषेचा अंदाज हवा. तिथल्या जाहिरातीत ‘एक्सलंट’ या शब्दापुढे चार-पाच अधिक चिन्हे असतात, आणि खाली बारीक अक्षरात बुरशीची कबुली दिलेली असते; म्हणून बारीक अक्षरे आधी वाचावीत. ‘जंक’ म्हणजे तपासलेला नाही आणि परतही घेतला जाणार नाही. किंमत ठरवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क धरावे, कारण तेवढ्यात कधीकधी इथलाच सर्व्हिस केलेला कॅमेरा येतो. काही कॅमेऱ्यांवर लंबगोल सोनेरी चिकटपट्टी दिसते. ती निर्यातीच्या तपासणीची खूण आहे, त्या काळी कॅमेरा चांगला होता एवढेच ती सांगते.

पहिला रोल हा परीक्षेचा

पहिल्या रोलवर घरच्यांचे फोटो काढू नयेत. १०० आयएसओचा (आयएसओ म्हणजे फिल्म प्रकाशाला किती चटकन प्रतिसाद देते त्याचे माप) कृष्णधवल रोल घ्यावा, वही-पेन्सिल जवळ ठेवावी आणि बारा चौकटी कामाला लावाव्यात. रोल सावलीत भरावा. याशिकात भरलेले रीळ खाली आणि रिकामे वर असते. कागदाचे टोक वरच्या रिळाच्या फटीत नीट सरळ अडकवून, अंगठ्याने खालच्या रिळावर किंचित दाब ठेवत नॉब फिरवावा, म्हणजे रोल सैल गुंडाळला जात नाही. कागदावर आडवे बाण दिसतात. ते कॅमेऱ्यातल्या ठिपक्यांसमोर आले की थांबावे, पाठ बंद करावी आणि नॉब अडेपर्यंत फिरवावा. बाण पुढे निघून गेले तर शेवटची चौकट जाते, आणि मागे राहिले तर पहिली.

पहिल्या सहा चौकटींत शटरची परीक्षा घ्यावी. कॅमेरा तिकाटण्यावर लावून मोकळ्या सावलीतली एक भिंत निवडावी आणि तिचाच फोटो १/२५० ला एफ/४, १/१२५ ला एफ/५.६, १/६० ला एफ/८, १/३० ला एफ/११, १/१५ ला एफ/१६ आणि १/८ ला एफ/२२ असा सहा वेळा काढावा. या सहाही जोड्यांत फिल्मवर सारखाच प्रकाश पडतो. प्रकाश मध्येच बदलला नसेल तर सहाही निगेटिव्ह सारख्याच गडद आल्या पाहिजेत. डावीकडून उजवीकडे त्या जास्त गडद होत गेल्या तर संथ वेग रेंगाळत आहेत, आणि नेमका कोणता वेग हे वहीवरून कळते. सातव्या चौकटीत टेबलावर तिरके ठेवलेले वर्तमानपत्र घ्यावे, एका ओळीवर पेन्सिलीने खूण करावी, मीटरभर अंतरावरून एफ/३.५ वर त्याच ओळीवर फोकस करावे. इतक्या जवळून, इतक्या मोकळ्या अ‍ॅपर्चरवर साधारण पाच सेंटिमीटरचाच पट्टा रेखीव येतो, त्यामुळे खूण केलेली ओळ त्या पट्ट्याच्या मध्यात आहे की पुढेमागे गेली आहे हे लगेच दिसते. आठव्यात दूरची इमारत, फोकस अनंतावर आणि तसेच मोकळे अ‍ॅपर्चर ठेवून घ्यावी. नववी काढण्याआधी कॅमेऱ्याची पाठ पाच मिनिटे उन्हाकडे करून ठेवावी, म्हणजे फोममधून प्रकाश आत झिरपत असेल तर ती लबाडी उघडी पडते. उरलेल्या तीन चौकटी मनासारख्या वापराव्यात. रोल धुवून आला की शेवटी चौकटींमधली अंतरे पाहावीत. ती कमीजास्त असतील किंवा एकमेकींवर चढत असतील तर रोल मोजणारी यंत्रणा झिजली आहे.

डेव्हलपिंगसाठी १२० चा रोल घेणारी लॅब आपल्या शहरात नसेल तर कृष्णधवल रोल घरी धुणे अवघड नाही: टाकी, डेव्हलपर, फिक्सर, थर्मामीटर आणि रोल टाकीत भरण्यासाठी संपूर्ण अंधार. आपल्याकडच्या उन्हाळ्यात द्रावण २० अंशांवर आणायला बर्फाच्या पाण्याची परात लागते, हे आधीच ठरवून ठेवावे.

हात बसवताना

मीटर नसल्याची भीती फार दिवस टिकत नाही. लख्ख उन्हात एफ/१६ ठेवावे आणि शटरचा वेग फिल्मच्या आयएसओएवढा धरावा, म्हणजे १०० च्या फिल्मला १/१२५. आभाळ भरून आले असेल तर एफ/८, मोकळ्या सावलीत एफ/५.६. याशिका-एसारख्या १/३०० वर थांबणाऱ्या कॅमेऱ्यात ४०० ची फिल्म घालून मे महिन्याच्या दुपारी बाहेर पडलात तर अ‍ॅपर्चर बारीक करत एफ/२२ च्या टोकाला जावे लागते. तिथे १०० चीच फिल्म बरी.

पडद्यावरची प्रतिमा सरळ असली तरी डावी-उजवी उलटी असते. दिंडीतला वारकरी डावीकडून उजवीकडे चालत असेल तर पडद्यावर तो उजवीकडून डावीकडे सरकताना दिसतो, आणि सुरुवातीला हात हटकून चुकीच्या बाजूला वळतो. यावर उपाय एवढाच की चालणाऱ्याचा पाठलाग करू नये. चौकट आधी ठरवून उभे राहावे आणि तो तिच्यात येऊ द्यावा. फोकस पडद्यावरचे भिंग उभे करून डोळा जवळ नेऊनच करावे, नंतर भिंग दुमडून पूर्ण चौकट पाहावी. पट्टा मानेत ताणलेला ठेवला आणि कोपरे अंगाला टेकवले तर १/३० लासुद्धा हात स्थिर राहतो. वरचे भिंग खालच्यापेक्षा उंचावर असल्यामुळे मीटरभर अंतरावर पडद्यावर दिसणारे डोके फोटोत छाटले जाऊ शकते. तेवढ्या जवळ असताना वर जरा जास्त जागा सोडावी.

याशिका-डीसारख्या कॅमेऱ्यात शटर कॉक करणे आणि रोल पुढे नेणे ही दोन वेगळी कामे आहेत. त्यामुळे एकाच चौकटीवर दोन फोटो पडणे सहज घडते. फोटो काढल्याबरोबर लगेच रोल फिरवायचा, अशी हाताला सवय लावावी.

पावसाळा आणि कपाट

जपानमधून स्वच्छ आलेले भिंग कोकणात किंवा मुंबईत दोन पावसाळ्यांत बुरशी धरू शकते, आणि त्याला सर्वांत मोठी मदत करते ती त्याच्यासोबत आलेली सुंदर चामडी पेटी. चामडे ओलावा धरून ठेवते. पेटी वेगळी ठेवावी, कॅमेरा वेगळा. घट्ट झाकणाचा धान्याचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या एवढे साधन पुरते. पुड्यांचा रंग बदलला की त्या तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा वापराव्यात. कॅमेरा ठेवताना शटर कॉक केलेले नसावे. पंधरवड्यातून एकदा तो बाहेर काढून सगळ्या वेगांवर दोन-दोनदा चालवावा, फोकसचा नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावा आणि भिंगांना तासभर सकाळचा उजेड दाखवावा. शटर अडखळू लागले तर त्यात गंज सोडवणाऱ्या फवाऱ्याचा एक थेंबही मारू नये. तो पाकळ्यांवर पसरतो, आणि जे काम नुसत्या सफाईत होणार होते त्यासाठी पूर्ण शटर खोलावे लागते.